नोटेवरचे बांगडे

पुतण्या बोटीवर असतो. गेल्या गणपतीत सुट्टी काढून घरी आला आणि आरती झाल्यावर त्याने पाकिटातून पाच पौंडांची एक नोट काढून आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातावर ठेवली. आईने ती उजेडात धरली, उलटी केली आणि विचारले, "हे बांगडे नोटेर कित्या रे?"

खरेच, नोटेच्या मागच्या बाजूला दोन मासे आहेत. मॅकरेल. आपल्या बांगड्याचा गार पाण्यातला चुलतभाऊ म्हणा. गणपतीचे दिवस, घरात मासळी बंद, त्यामुळे सगळ्यांनी त्या जोडीकडे जरा जास्तच मायेने पाहिले. नोट रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची होती, पुतण्याला अ‍ॅबर्डीन बंदरात मिळालेली. मुंबईत उतरल्यावर ती बदलायला गेला तर तिथल्या माणसाने परत दिली. "यावर राणी नाही. ही इंग्लंडची नोट नव्हे." पुतण्या म्हणाला, पौंडच आहे. तो म्हणाला, असेल.

दोघांचेही बरोबर होते, आणि तिथूनच घरात वाद सुरू झाला. स्कॉटलंड हा देश की राज्य? देश असेल तर तिकडे जायला वेगळा व्हिसा का लागत नाही? राज्य असेल तर त्याची फुटबॉलची टीम वेगळी कशी? विसर्जनापर्यंत मी उत्तरे देत होतो. तीच इथे लिहितो.

आधी शब्दांचा घोळ. आमच्या कोकणात ‘देश’ म्हणजे घाटावरचा मुलूख. देशावरचे कांदे, देशावरची ज्वारी. ‘गाव’ म्हणजे मुंबईच्या चाकरमान्याला जिथे गणपतीला पोचायचेच असते ते. आणि ज्या राज्यात आपण राहतो त्याच्या नावातच ‘राष्ट्र’ आहे, तरी ते राष्ट्र नाही, राज्य आहे. एवढा गोंधळ रोज सुखाने वागवणाऱ्या माणसाला युनायटेड किंगडम (यूके) समजायला जड जाऊ नये. तिथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार भाग आहेत. पासपोर्ट एक, लष्कर एक, राजा एक. पण यांतले बहुतेक भाग स्वतःला राष्ट्र म्हणवतात आणि बाकीचेही त्यांना तसे म्हणतात. इंग्लंडातल्या माणसाला ‘स्कॉटलंड हे आमचे एक राज्य आहे’ असे म्हणवतच नाही.

कारण ते एकत्र आले वेगवेगळ्या वाटांनी. वेल्स जिंकून घेतलेले. सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळात, ते इंग्लंडच्या कायद्यात पुरते मिसळून टाकले गेले. स्कॉटलंड मात्र १७०७ मध्ये करार करून आले. संसद गेली, पण स्वतःचे कायदे, कोर्टे, चर्च आणि शाळा त्यांनी करारात राखून ठेवल्या. आयर्लंड १८०१ मध्ये जोडले गेले आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग बाहेर पडला. ईशान्येचा कोपरा राहिला तो उत्तर आयर्लंड. चारही भागांचे आकारही अगदी विषम. दर सहा माणसांतली पाच इंग्लंडात. स्कॉटलंड साधारण ५५ लाखांचे, वेल्स ३१ लाखांचे, आणि उत्तर आयर्लंड १९ लाखांचे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेसेच मोठे.

आता मुख्य गोष्ट. १९९९ पासून या तीन छोट्या भागांना स्वतःची विधिमंडळे आणि सरकारे आहेत. तिकडे त्याला ‘डिव्होल्यूशन’ म्हणतात, म्हणजे वरची सत्ता खाली सोपवणे. आपल्याकडचा माणूस ऐकतो आणि म्हणतो, हात्तिच्या, म्हणजे आपल्या राज्यांसारखेच की! तसे नाही. फरक कुठे आहे ते कोकणातल्या कुठल्याही घराला लगेच कळेल.

चाकरमानी मुंबईत, घर आणि आंब्याची कलमे गावात. तो गावातल्या चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र करून देतो. मग घरपट्टी भरणे, कलमे कराराने देणे, तलाठ्याकडे खेपा घालणे, सगळे चुलतभाऊ बघतो. गावात वट त्याचीच. लोकही त्यालाच मालक समजून नमस्कार करतात. पण सातबारा मुंबईकराच्या नावावर असतो, आणि पत्र रद्द करायचे तर एक दिवस पुरतो. याउलट वाटणीपत्र. ते एकदा नोंदले की या खोल्या तुझ्या, त्या माझ्या. मग थोरल्याने कितीही डोळे वटारले तरी धाकट्याच्या पडवीत त्याला विचारल्याशिवाय खाट टाकता येत नाही.

भारताची राज्यघटना हे वाटणीपत्र आहे. सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्यांची, दोघांची सामाईक. त्यांत फेरफार करायचा तर संसदेत विशेष बहुमत लागते आणि शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. यूकेमध्ये मात्र लंडनच्या संसदेने १९९८ मध्ये तीन साधे कायदे करून तीन भागांना मुखत्यारपत्रे दिली. संसद सर्वोच्च आहे. तिने केलेला कायदा तिला बदलता येतो. २०१६ च्या कायद्यात असे लिहिले खरे की स्कॉटलंडची संसद कायमची आहे आणि तिथल्या लोकांचे सार्वमत घेतल्याशिवाय ती बरखास्त होणार नाही. पण हेही लंडनच्याच कायद्यात लिहिले आहे. आपणच लिहिलेले ‘मी हे पत्र कधी रद्द करणार नाही’.

मग आपले बरे, असे म्हणून उठू नका. आपल्या वाटणीपत्रात एक कलम आहे, तिसरे. त्यानुसार संसद साध्या बहुमताने कुठल्याही राज्याची सीमा बदलू शकते, राज्य तोडू शकते, जोडू शकते. त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारावे लागते, पण ते मानावे लागत नाही. १९५६ मध्ये कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले ते असेच, सार्वमत न होता. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. स्कॉटलंडची सीमा पुसून टाकू, नाहीतर अर्धे वेल्स इंग्लंडला जोडू, असे तिकडे कुणी गमतीतही म्हणत नाही. तिकडे गडगा, म्हणजे हद्दीचे कुंपण, पक्का आणि कागद कच्चा. आपल्याकडे कागद पक्का आणि गडगा कच्चा.

ही मुखत्यारपत्रे सुखासुखी मिळाली नाहीत. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ हवे का असे पहिल्यांदा विचारले गेले तेव्हा मतदान करणाऱ्यांतले ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले. तरी ते हरले! कारण अट होती की मतदारयादीतल्या एकूण नावांपैकी ४० टक्क्यांनी ‘हो’ म्हटले पाहिजे. यादीत मेलेले होते, गाव सोडून गेलेले होते. ते सगळे आपोआप ‘नाही’त जमा. निम्मी यादी मुंबईत राहते अशा कोकणी गावातल्या माणसाला हे उलगडून सांगायला नको. मग आली मार्गारेट थॅचर यांची वर्षे. स्कॉटलंड मत देई एका पक्षाला, सरकार येई दुसऱ्याचे. माणशी सारखाच कर लावणारा बदनाम ‘पोल टॅक्स’ स्कॉटलंडमध्ये १९८९ साली, इंग्लंडच्या एक वर्ष आधी लागू झाला. आधी आमच्यावर प्रयोग, ही भावना तिथून जी बसली ती बसलीच. १९९७ च्या निवडणुकीत थॅचर यांच्या हुजूर पक्षाला स्कॉटलंडमध्ये एकही जागा मिळाली नाही, आणि त्याच सप्टेंबरमध्ये पुन्हा सार्वमत झाले. या वेळी ७४ टक्के ‘हो’. आठवड्याने वेल्सने मत दिले. तिथे रात्रभर ‘नाही’ पुढे होते, आणि शेवटच्या जिल्ह्याची मोजणी आली तेव्हा ‘हो’ ६,७२१ मतांनी जिंकले.

सत्ता मिळाल्यावर काय केले? स्कॉटलंडच्या मुलांना स्कॉटलंडच्या विद्यापीठात फी नाही. इंग्लंडात वर्षाला नऊ हजार पौंडांच्या वर. डॉक्टरने लिहून दिलेली औषधे वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये फुकट. इंग्लंडात बहुतेकांना दर औषधामागे पैसे. दुकानातल्या पिशवीला पैसे घ्यायला वेल्सने २०११ मध्ये सुरुवात केली, इंग्लंड २०१५ मध्ये मागून आले. हे महत्त्वाचे आहे. चार सरकारे असली की एक करून बघते आणि बाकीची बघतात. वेल्समध्ये रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अराव’ रंगवलेले असते, म्हणजे ‘सावकाश’, आणि त्याच्या सोबतीला इंग्रजीतले ‘स्लो’. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे निघाले १७.८ टक्के, जेमतेम साडेपाच लाख. एवढ्यांसाठी सगळे रस्ते दोन भाषांत. मालवणीत एकही सरकारी पाटी नसलेल्या मुलखातून ते वाचताना थोडे वाटतेच.

पैशाचे गणित थोडक्यात सांगतो, कारण ते तिकडच्यांनाही नीट समजत नाही. इंग्लंडातला शाळा-दवाखान्यांवरचा खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात या तिघांचे अनुदान वाढते. स्कॉटलंडला आयकराचे दर स्वतः ठरवता येतात आणि त्याचे टप्पेही इंग्लंडपेक्षा वेगळे आहेत. बाकी बहुतेक तिजोरी लंडनला.

मुखत्यारपत्राची खरी परीक्षा मालक आणि मुखत्यार यांचे पटेनासे होते तेव्हा. स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यवादी पक्ष सत्तेवर आला आणि त्याने सार्वमत मागितले. देश फोडायचा की नाही हे विचारण्याचा अधिकार पत्रात नव्हता. लंडनने तेवढ्यापुरता, एका वेळेसाठी, तो उसना दिला. १८ सप्टेंबर २०१४ ला ८४.६ टक्के मतदान झाले, सोळा वर्षांच्या मुलांनीही मत दिले, आणि ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी ‘वेगळे व्हायचे नाही’ असे ठरले. प्रचारात सगळ्यात जास्त छळले ते याच नोटेने: वेगळे झालो तर पौंड राहणार का? लंडनच्या अर्थमंत्र्यांनी आधीच सांगून टाकले होते, नाही. दोन वर्षांनी ब्रेक्झिटचे, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दलचे, मतदान झाले. स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी युरोपात राहा म्हणाले, पण यूके म्हणून सगळेच बाहेर पडले. स्कॉटलंडने पुन्हा सार्वमत मागितले. या वेळी लंडनने पत्र दिले नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की पत्राशिवाय घेता येणार नाही.

यात एक वहिवाटीची भानगडही आहे. सोपवलेल्या विषयात लंडन ‘सर्वसाधारणपणे’ त्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय कायदा करणार नाही, असा प्रघात आहे. तो कायद्यातही लिहिला. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की हा राजकीय प्रघात आहे, कोर्ट तो बजावून देणार नाही. २०२० च्या जानेवारीत ब्रेक्झिटच्या कायद्याला तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली. कायदा झाला. सगळ्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली पायवाट एक दिवस कुणीतरी काटे टाकून बंद करतो, आणि मग कळते की ती सातबाऱ्यावर कधी नव्हतीच. त्यानंतर २०२३ मध्ये लंडनने स्कॉटलंडच्या संसदेने मंजूर केलेले एक विधेयक पहिल्यांदाच थेट अडवले. लिंगओळख कायद्याने बदलून घेण्याबद्दलचे होते ते. विधेयकाच्या बाजूने बोला की विरुद्ध, अडवण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून पत्रात लिहिलेला होता; जवळजवळ पंचवीस वर्षे कुणी वापरला नव्हता एवढेच.

उत्तर आयर्लंडची कथा निराळी आहे आणि तिच्यात रक्त आहे. तिथे एका गटाला ब्रिटिश राहायचे, दुसऱ्याला आयर्लंडात जायचे. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने सरकार असे बांधले की दोन्ही गट आत असल्याशिवाय ते चालूच नये. मुख्यमंत्री एका गटाचा, उपमुख्यमंत्री दुसऱ्या गटाचा, आणि नावात ‘उप’ असला तरी अधिकार बरोबरीचे. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. देवस्थानची पेटी दोन मानकऱ्यांकडच्या दोन किल्ल्यांनीच उघडावी, तसे. एक रुसला की पेटी बंद. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४, ती बंदच होती. पण त्याच करारात मला सगळ्यात शहाणी वाटणारी ओळ आहे: तिथे जन्मलेल्या माणसाला स्वतःला ब्रिटिश म्हणवता येईल, आयरिश म्हणवता येईल, किंवा दोन्ही. दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. कुठला तरी एक निवड, असे सरकार म्हणत नाही.

आणि इंग्लंड? त्याला स्वतःची संसदच नाही. इंग्लंडचा कारभार यूकेची संसद बघते, आणि तिच्यात स्कॉटलंडचेही खासदार बसतात. टॅम डेलियल या स्कॉटिश खासदारानेच १९७७ मध्ये विचारले होते, की स्कॉटलंडच्या शाळांवर इंग्लंडच्या खासदारांना मत नसेल, तर इंग्लंडच्या शाळांवर मला का असावे? हा प्रश्न त्याच्या मतदारसंघाच्या नावाने, ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ म्हणून, आजही ओळखला जातो. जानेवारी २००४ मध्ये इंग्लंडातली विद्यापीठाची फी वाढवणारे विधेयक फक्त पाच मतांनी तरले, आणि तरले ते स्कॉटिश खासदारांच्या जोरावर, ज्यांच्या मतदारांच्या मुलांना ती फी लागणार नव्हती. त्याच वर्षी ईशान्य इंग्लंडला प्रादेशिक विधिमंडळ हवे का असे विचारले, तर ७८ टक्के म्हणाले, नको. पुढाऱ्यांची आणखी एक पंगत कशाला, असा एकूण सूर. तो सूर मला ओळखीचा वाटतो. स्वतंत्र कोकणाची चर्चा आमच्या बाजारात निघते तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो.

कोकणाची तक्रार मात्र खोटी नाही. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भासाठी एक, मराठवाड्यासाठी एक आणि ‘उर्वरित महाराष्ट्रासाठी’ एक अशा विकास मंडळांची तरतूद आहे. कोकण उर्वरितात. पण तक्रार असणे आणि वेगळे व्हावेसे वाटणे यांत अंतर असते, आणि ते स्कॉटलंडच्याच आकड्यांत दिसते. २०२२ च्या जनगणनेत तिथल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी आपली ओळख ‘फक्त स्कॉटिश’ अशी लिहिली. ब्रिटिश नाहीच. तरी २०१४ मध्ये बहुमत राहण्याच्या बाजूने होते. म्हणजे ‘मी कोण’ आणि ‘माझे सरकार कुठे बसावे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यातून निघत नाही.

आमच्या शेजारचा गोवा घ्या. १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे? सावंतवाडीपासून बांद्यापर्यंत पुष्कळांना वाटत होते की उत्तर ठरलेलेच आहे. सोयरिकी तिकडे, कुलदैवते तिकडे, नाटके आणि वर्तमानपत्रे मराठी. कौल ३४,०२१ मतांनी वेगळे राहण्याच्या बाजूने लागला. सोयरिकी तुटल्या नाहीत आणि कुलदैवते जागेवरच आहेत. पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी थांबते, पेट्रोल-दारूचे भाव बदलतात, एवढेच. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायला मग १९८७ साल उजाडले.

राहिले बांगडे. आपल्याकडे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या यादीत, त्यापलीकडची केंद्राच्या. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उभे राहून रात्री समुद्रात बोटींवरच्या एलईडी दिव्यांचा झगझगाट दिसला की रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांच्या, तोंडी पहिला प्रश्न हाच असतो, की बोट बाराच्या आत आहे की बाहेर? उत्तरावर ठरते की हाक कुठल्या खात्याला मारायची. पाण्यावर रेघ ओढलेली नसते, आणि मासा याद्या वाचत नाही.

स्कॉटलंडला या बाबतीत आपल्या राज्यांपेक्षा जास्त मिळाले आहे. त्यांच्या बाजूच्या समुद्रात, बारा मैलांच्या कितीतरी पलीकडे, कोणी किती आणि कशी मासेमारी करायची हे एडिंबराचे, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीतले, सरकार बघते. मॅकरेल हा तिथल्या बोटींना सगळ्यात जास्त पैसा देणारा मासा, म्हणून तर नोटेवर. पण परदेशाशी करार हा विषय पत्रात नाही, तो लंडनचा. मे २०२५ मध्ये लंडनने युरोपशी बोलणी केली आणि युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात यायची मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली. स्कॉटलंडचे मच्छीमार संतापले. समुद्राचा कारभार त्यांच्या सरकारचा, सही दुसऱ्याची.

नोटेचेही तेच आहे. स्कॉटलंडमधल्या तीन बँका आपापल्या नोटा छापतात, चित्रे त्यांच्या पसंतीची. पण त्या नोटांच्या मोलाचे तारण ठेवावे लागते, आणि त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडे दहा लाख आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा असतात. ‘जायंट’ आणि ‘टायटन’ अशी त्यांची नावे. त्या कधी बाहेर येत नाहीत. बांगडे एडिंबराचे, तारण लंडनचे. मुंबईतल्या त्या माणसाने नोट परत दिली तेव्हा त्याला पुढचे दिसले, मागचे नाही.

पुतण्या परत जाताना म्हणाला, नोट दे, तिकडे चालेल. आईने दिली नाही. विसर्जनानंतर दोन दिवसांनी मासेवाली पाटी घेऊन खळ्यात आली तेव्हा आईने तिला ती दाखवली. तिने पाटी खाली ठेवली, ओला हात लुगड्याला पुसला, नोट जवळ धरून नीट पाहिली आणि परत दिली.

"बारीक आसत गो आये. माझे बघ."